आठवा रविवार

"कुठलं बोट देऊ?" रत्नमालानं विचारलं. "सगळी वापरून झालीत."

रविवारची सकाळ होती. टेबलावर मशिन, टोचायची सुई, कापूस आणि माझी वही अशी मांडामांड करून मी बसलो होतो. फ्रिजमधून काढलेली पट्टी पाच मिनिटं तळहातावर धरून तिचा गारठा घालवला होता, कारण पट्टी गार असली की आकडा चुकतो असं मशिनसोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तिची अनामिका धरली आणि टोचलं. थेंब येईना म्हणून बोट मुळापासून दाबत आणलं. ती मान वळवून खिडकीबाहेरचं शेवग्याचं झाड बघत राहिली. थेंब पट्टीवर पडला, मशिन जरा घुटमळलं आणि आकडा आला, एक पॉइंट नऊ.

मी उठून दुसरी पट्टी काढली. तिनं मधलं बोट पुढं केलं. त्यात दोन पॉइंट तीन आलं. तिसऱ्या पट्टीत एक पॉइंट आठ. म्हणजे तीन बोटं टोचून झाली आणि हातात काय, तर तीन वेगवेगळे आकडे. मी वही मिटली आणि दुपारपर्यंत तिच्याशी बोललो नाही. राग तिच्यावर नव्हता, आकड्यावर होता. पण घरात दोघंच माणसं असली की आकड्यावरचा राग कुणाच्या वाट्याला जातो, हे वेगळं सांगायला नको.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

रत्नमालाला लहानपणी सांधेताप झाला होता. त्यानं हृदयाची एक झडप खराब केली आणि ते कळलं चोपन्नाव्या वर्षी. पुण्यात ऑपरेशन होऊन धातूची झडप बसली. घर शांत असलं की तिची टिकटिक मला शेजारच्या खुर्चीत ऐकू यायची. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यायची. रक्त फार पातळ झालं तर कुठूनही वाहतं आणि पुरेसं पातळ राहिलं नाही तर गुठळी होते. रक्त जितकं पातळ तितका आकडा मोठा, आणि तिचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा, एवढं एकच काम डॉक्टरांनी आम्हाला दिलं होतं. त्या एका कामानं आमचा जीव मेटाकुटीला आला होता.

कशानंही आकडा हलायचा. मेथी खाल्ली की खाली, तापाची गोळी घेतली की वर, पोट बिघडलं की कुठंही. सुरुवातीला आम्ही बार्शीतच एका लॅबमध्ये जायचो. एकदा मला शंका आली म्हणून त्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. पहिलीत दोन पॉइंट एक, दुसरीत तीन पॉइंट चार. दोन्हीकडचे लोक आपापल्या कागदावर ठाम होते. मग मी पुतण्याकडून परदेशातून मशिन मागवलं आणि घरीच मोजायला लागलो.

इथं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बाजारात जायचं, दुकानदाराचा काटा आणि वजनं आपल्याजवळच्या प्रमाणित वजनांशी ताडून बघायची, नीट असलं तर "बरोबर" म्हणायचं आणि शिक्का मारायचा. "हिंगमिरे साहेब आले" म्हटलं की बाजारात चुळबुळ सुरू व्हायची, याचा मला अभिमान होता. चुकीचं माप मला बघवत नाही, हे माझ्या स्वभावात आहे की नोकरीनं लावलं, ते आता कळणं अवघड आहे.

त्यामुळं तिच्या गोळ्यांचंही मी तसंच केलं. तिला रोज दीड गोळी होती. अर्धी गोळी हातानं मोडली की एक तुकडा मोठा, एक लहान होतो. ते मला खपेना. मी ब्लेडनं गोळी कापायचो, दोन्ही तुकडे सोनाराच्या छोट्या काट्यावर घालायचो आणि जास्तीचं खरवडून काढायचो. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की तिच्या हातावर एक आख्खी आणि एक अर्धी ठेवायची. ती "आले पाणी पिऊन" म्हणून स्वयंपाकघरात जायची. महिन्याच्या शेवटी मी पाकिटं मोजायचो. एकही गोळी कधी कमीजास्त झाली नाही.

आणि पालेभाजी घरातून हद्दपार केली. अंबाडी, शेपू, मेथी, करडई, काही म्हणजे काही नाही. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी हा तिचा जीव की प्राण. मंडईत ती अंबाडीची जुडी हातात घ्यायची, उलटीपालटी करायची आणि परत ठेवायची. भाजीवाली म्हणायची, वहिनी, घ्या की, ताजी हाय. ही म्हणायची, साहेबांना विचारावं लागतं. दोघी हसायच्या आणि मी पिशवी धरून बाजूला उभा राहायचो.

त्या श्रावणात भिलाईहून फोन आला. आमची एकुलती एक मुलगी शिवलीला तिथं राहायची, जावई तिथं नोकरीला होते. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असं ठरलं होतं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवास करायला साफ मनाई केली. झोपून राहा म्हणाल्या. सासूबाई हयात नव्हत्या. शिवलीला काही मागणारी पोर नव्हे, पण फोन ठेवताना तिचा आवाज कापरा झाला. रत्नमाला फोन ठेवून थेट माझ्यासमोर येऊन बसली.

"मला जायचंय," ती म्हणाली. "दोन महिने राहीन. पोरीजवळ कुणी नाही."

मी म्हणालो, डॉक्टरांना विचारू. सोलापूरला डॉक्टर कुलथ्यांकडे गेलो. ते म्हणाले, खुशाल जाऊ द्या, भिलाईला काय लॅब नाहीत? थोडं वरखाली होणारच, तुम्ही फार मनाला लावून घेता हिंगमिरे. मला त्यांचं बोलणं आवडलं नाही. थोडं वरखाली म्हणणाऱ्या माणसांना पकडण्यात माझं आयुष्य गेलं होतं.

गाडीत बसल्यावर मी तिला माझा निर्णय सांगितला. सलग आठ रविवार आकडा अडीच ते साडेतीनमध्ये आला, तर आपण दोघं भिलाईला जायचं. मध्ये एक जरी चुकला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तिनं बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाली, "आठ कशाला? चार पुरे की."

"आठ," मी म्हणालो. "तुझ्या जिवाचा प्रश्न आहे."

ते खरंच होतं. मला तिच्याबद्दलच भीती वाटायची. ती नसलेलं घर डोळ्यासमोर यायचं, आणि त्या भीतीपायी मी तिला आकड्यांनी जखडून ठेवलं होतं. हे तिला कधी तोंडानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी वहीत आठ रकाने आखले.

पहिले तीन रविवार वायाच गेले. एकदा दोन पॉइंट एक आला, मी दहा दिवस गोळी वाढवली. मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, उशीचा अभ्रा लाल झाला आणि आकडा चार पॉइंट दोनवर गेला. डॉक्टरांनी पुन्हा दीडवर आणलं. पुढच्या रविवारी तो मी सुरुवातीला सांगितलेला दिवस उजाडला, तीन बोटांचा. त्या दुपारी ती ताट वाढून ठेवून शिवणयंत्रावर बसली. मी जेवलो नाही. तीही जेवली नाही.

नंतरच्या रविवारी दोन पॉइंट सात आला.

मी डोळे चोळून पाहिलं. "बरोबर," मी म्हणालो. तोंडातून आपोआपच निघालं, बाजारातल्यासारखं.

"मारा शिक्का," ती म्हणाली, आणि आम्ही कित्येक महिन्यांनी हसलो. मी बाहेर जाऊन गरम जिलबी आणली. त्याच्या पुढच्या रविवारी दोन पॉइंट नऊ. मग दोन पॉइंट आठ. मग पुन्हा नऊ. जो आकडा वर्षभर माकडासारखा उड्या मारत होता, तो गरीब गाईसारखा जागेवर उभा राहिला. मी म्हणायचो, बघ, पथ्य आणि शिस्त, दुसरं काही नाही. ती मान हलवायची. रविवारी आकडा येताना ती आता खिडकीकडे बघायची नाही, माझ्या तोंडाकडे बघायची.

घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. जेवताना मी तिला जुने किस्से सांगायचो. एक किस्सा तिच्या आवडीचा होता. एका बाजारपेठेत एक किराणावाला होता. त्याची वजनं दर वेळी अचूक भरायची, केसाचाही फरक नाही. पण गिऱ्हाईक तक्रार करायचं. माझी फेरी मंगळवारची असायची. एकदा मी न सांगता शनिवारी गेलो. तेव्हा कळलं की त्याच्याकडं वजनांचे दोन संच होते, एक माझ्या मंगळवारसाठी आणि एक उरलेल्या सहा दिवसांसाठी.

"म्हणजे तपासणीचा वार कळला की संपलं," रत्नमाला म्हणाली.

"संपलंच," मी म्हणालो. "न सांगता गेल्याशिवाय खरं माप कळत नाही."

दुपारी ती झबली शिवायची. सात झाली होती, आठवं चालू होतं. सातवा रविवार पार पडला तेव्हा मीच तिच्यापेक्षा उतावीळ झालो होतो. त्या संध्याकाळी पाय मोकळे करून येतो म्हणून बाहेर पडलो आणि भिलाईची दोन तिकिटं काढून आणली. तिला दाखवली नाहीत. वहीत आठव्या रकान्याजवळ ठेवली. पुढच्या रविवारी "बरोबर" म्हणायचं आणि वही तिच्यासमोर सरकवायची, असं मी मनाशी ठरवलं होतं.

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शिवणयंत्राचा आवाज थांबला. मी पेपर वाचत होतो. तिनं मला हाक मारली, पण ती हाक नीट नव्हती, शब्द एकमेकांत गुंतले होते. मी आत गेलो. झबलं सुईखाली तसंच होतं. तिचा उजवा हात मांडीवर घसरला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. मी तिला धरून खाली चटईवर टेकवून बसवलं आणि शेजारच्या माळगे वहिनींना हाक मारली.

वहिनी धावत आल्या. बघितल्याबरोबर म्हणाल्या, "भाऊजी, रिक्षा आणते, दवाखान्यात न्या आधी."

आणि मी म्हणालो, "एक मिनिट थांबा. आधी आकडा बघतो."

मी फ्रिजमधून पट्टी काढली. पाच मिनिटं तळहातावर धरली. घड्याळ लावून धरली. वहिनी दारात उभ्या राहून मला बघत होत्या. मी तिचं बोट टोचलं, दाबलं. एक पॉइंट चार आला. मी म्हणालो, हे शक्य नाही. रविवारी दोन पॉइंट नऊ होतं, मशिन चुकलंय. मी दुसरी पट्टी काढली आणि पुन्हा पाच मिनिटं थांबलो. रत्नमालानं डाव्या हातानं माझी बाही धरली होती. मी ती सोडवली, कारण मला टोचायला हात मोकळा हवा होता. एक पॉइंट पाच.

तोवर वहिनींनी माझं न ऐकता रिक्षा आणली होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. कधी झालं, विचारलं. मी म्हणालो, अकरा दहाला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बारा वाजत आले होते. घर किती लांब आहे, विचारलं. मी म्हणालो, दहा मिनिटं. मग एवढा वेळ काय करत होतात, असं त्यांनी विचारलं नसतं तरी चाललं असतं, पण विचारलं. मी सांगितलं.

"आकडा आम्ही इथं काढला असता, काका," ते म्हणाले, आणि स्ट्रेचरमागं गेले.

तिथून सोलापूरला नेलं. झडपेवरची गुठळी सुटून मेंदूत गेली होती. उजवं अंग आणि वाचा, दोन्ही गेलं. लॅबचा आकडा एक पॉइंट पाचच होता, म्हणजे मशिन बरोबर होतं. मी डॉक्टर कुलथ्यांना वही दाखवली. सात रविवार, सातही नीट. त्यांनी पानं पुढंमागं केली आणि विचारलं, मधल्या एखाद्या दिवशी कधी बघितलं होतं का? मी म्हणालो, नाही, फक्त रविवारी. त्यांनी वही मिटून माझ्यासमोर सरकवली. माझा तो अर्धा तास गेला नसता तर फरक पडला असता का, हेही मी विचारलं. ते म्हणाले, कदाचित नसता पडला. भला माणूस.

सहाव्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आलो. झबलं सुईखाली तसंच अडकलेलं होतं. ते काढावं, नीट घडी करून ठेवावं असं वाटलं. दोरा तोडायला कात्री शोधताना बॉबिनची पत्र्याची डबी हाताला लागली. उघडली. चार बॉबिनी होत्या आणि त्यांच्या मधोमध, चिमूटभर कापसावर, गोळीचे दोन अर्धे तुकडे.

मी काटा काढला आणि दोन्ही तुकडे तोलले. सारखे भरले. माझेच होते.

शिवलीलाला त्रास द्यायचा नाही असं सगळ्यांनी मला बजावलं होतं, तरी मी फोन लावला. आईनं तुला गोळ्यांबद्दल काही सांगितलं होतं का, एवढंच विचारलं. ती रडायला लागली, आणि रडत रडत तिनं सांगितलं.

त्या तीन बोटांच्या रविवारानंतर, सोमवारी, रत्नमाला अर्धी गोळी घ्यायची विसरली होती. मला सांगितलं तर मी चिडेन म्हणून तिनं ती शुक्रवारी घेऊन टाकली. रविवारी आकडा नीट आला आणि मी जिलबी आणली. तेव्हापासून ती सोमवारची आणि मंगळवारची अर्धी गोळी डबीत ठेवायची आणि गुरुवारी, शुक्रवारी एकेक अर्धी जास्त घ्यायची. रविवारी मशिनसमोर सगळं ठीकठाक. शिवलीलानं तिला म्हटलं होतं, आई, असं चालतं का? ती म्हणाली होती, "गोळ्या तेवढ्याच गं. फक्त वार बदललेत. आणि तुझे बाबा रविवारी हसतात."

मी फोन ठेवला. एकतीस वर्षं मी बाजार पालथे घातले, न सांगता जाऊन माणसं पकडली. घरात मात्र चुकूनसुद्धा एखाद्या बुधवारी मशिन काढलं नाही. मी तिला वार सांगितला होता, आकडा सांगितला होता आणि बक्षीसही सांगितलं होतं. त्या किराणावाल्याला तरी मी एवढी मदत केली नव्हती. आणि तिनं ते चोरीसाठी केलं नव्हतं, पोरीकडे जाण्यासाठी केलं होतं, आणि माझ्या चेहऱ्यासाठी. मी त्या शिवणयंत्रासमोर बसून मोठ्यानं रडलो. माळगे वहिनींनी भिंतीपलीकडून ऐकलं असणार, पण त्या आल्या नाहीत.

रत्नमाला घरी आली. हळूहळू काठीनं दोन पावलं टाकायला लागली. बोलणं परत आलं नाही, फक्त एक शब्द आला. अशा आजारात कधीकधी एखादाच शब्द शाबूत राहतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो, असं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. तिचा शब्द होता, "बरोबर." भूक लागली की बरोबर, झोपायचं असलं की बरोबर, रडतानाही बरोबर. शिवलीला चार महिन्यांचा मुलगा घेऊन आली आणि त्याला तिच्या डाव्या कुशीत ठेवलं, तेव्हा ती त्याच्या टाळूवर गाल टेकून कितीतरी वेळ तोच शब्द पुटपुटत होती. बाळाच्या अंगात तिनं शिवलेलं झबलं होतं. ते त्याला तेव्हाच आखूड झालं होतं.

मी बोट टोचणं सोडलं नाही, सोडून चालणार नव्हतं. आता वार ठरलेला नव्हता, मनात येईल तेव्हा बघायचो. आकडा पूर्वीसारखाच कधी वर कधी खाली असायचा. मी चेहरा दगडासारखा ठेवायला शिकलो. तरी मशिन सुरू केलं की ती त्याच्याकडे बघायचीच नाही, माझ्या तोंडाकडे बघायची. अंबाडीही मी घरात आणायला लागलो. ती दोन घास खायची आणि ताट सरकवायची.

शिवलीला बाळाला घेऊन परत गेली त्या दिवशी दुपारी घर फार रिकामं झालं. मी वही काढली. भिलाईची तिकिटं अजून आठव्या रकान्याजवळच होती. मी ती तिच्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून बसलो. मला ते एकदा तिच्याशी बोलायचं होतं.

मी म्हणालो, "मला डबी सापडली. शिवलीलानं सगळं सांगितलं." ती तिकिटांकडे बघत होती. मी म्हणालो, "तुझी चूक नाही. मी आठ रविवार म्हणालो नसतो, तर तू गोळ्या हलवल्या नसत्यास. माझ्यामुळं झालं हे सगळं."

तिनं मान वर केली. डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"बरोबर," ती म्हणाली.

तिच्याकडे तो एकच शब्द होता, हे मला माहीत होतं. त्यानंतर ती आणखी सहा वर्षं जगली. पण तिला काही विचारायचं धाडस मला पुन्हा कधी झालं नाही.